पंचवीस डॉलर कशाचे?

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला जेवून घ्यायचं, हा मुलाच्या घरचा नियम मला पहिल्या आठवड्यात फार जड गेला. साडेपाच ही काय जेवायची वेळ झाली? बेळगावात त्या वेळी आमचा दुसरा चहा असतो. पण मंगळवार हा त्याचा बोलिंगचा वार. सव्वासहाला चेंडूची पिशवी खांद्याला लावून तो निघणार म्हणजे निघणार.

मुलगा अमेरिकेत डेट्रॉईटजवळ मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो, तेव्हाची ही गोष्ट. दुसऱ्याच मंगळवारी तो म्हणाला, "बाबा, घरात बसून काय करणार? तुम्ही दोघंही चला." गेलो.

बोलिंग आता आपल्याकडेही बेंगळुरू-पुण्याच्या मॉलमध्ये आलं आहे, नातवंडांनी हट्ट करून ते तुम्हालाही दाखवलं असेल. लांब गुळगुळीत लाकडी पट्टी, तिच्या टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना, आणि त्यावर सोडायचा जड चेंडू. आपल्या लगोरीची श्रीमंत मावसबहीणच म्हणा. फेकण्याच्या रेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर. चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. दहा डाव, प्रत्येक डावात दोन फेकी, आणि सगळं अचूक जमलं तर ३०० गुण. त्या सभागृहात अशा चाळीस पट्ट्या शेजारी शेजारी होत्या आणि सगळ्यांवर एकदम धडाधड आवाज चालला होता. सौ.नं कानावर पदर घेतला.

मॉलमधल्या खेळात आणि मंगळवारच्या खेळात फरक होता. हे होतं 'लीग'. चार-चार जणांचे बारा संघ, सप्टेंबर ते एप्रिल असे बत्तीस आठवडे, दर आठवड्याला ठरलेला सामना. कुणी कारखान्यातला, कुणी शाळेत शिकवणारा, दोन आज्या, एक दातांचा डॉक्टर. सगळे हौशी. त्यातला कुणी उद्या देशाच्या संघात जाणार नव्हता.

दाराशी एक टेबल मांडून लीगच्या सेक्रेटरीबाई बसल्या होत्या. हंगाम नुकताच सुरू झालेला, म्हणून सभासदत्वाचे फॉर्म भरून घेत होत्या. मुलानं पंचवीस डॉलर दिले. डॉलर तेव्हा सत्तर रुपयांच्या वर गेलेला. माझी सौ. धारवाडकडची. पैशाचा विषय निघाला की तिच्या तोंडून आपोआप कानडी येतं. तिनं हळूच विचारलं, "याक?"

कशाला? मुलाला नीट सांगता येईना. तो म्हणाला, "आई, ते द्यावे लागतात. रजिस्ट्रेशन आहे."

आमच्या मागे रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनाही तोच प्रश्न पडला होता, फक्त त्यांचा आवाज मोठा होता. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा, की मी चाळीस वर्षं इथं खेळतोय, दर वर्षी हे पैसे घेतात, मला त्याचं काय मिळतं? एक प्लास्टिकचं कार्ड! सेक्रेटरीबाई हसल्या, पैसे घेतले, कार्ड दिलं.

मी आयुष्यभर सहकारी बँकेत कॅशियर होतो. कुणी पैसे दिले आणि कशाचे ते त्याला सांगता आलं नाही, की मला रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर मी लीगची नियमपुस्तिका आणि त्याच्या मागच्या वर्षाच्या पावत्या घेऊन बसलो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की भांडण पंचवीस डॉलरवरून होतं, पण खर्च दुसरीकडेच होता. दर मंगळवारी मुलगा वीस डॉलर भरत होता. त्यातले तेरा सभागृहाच्या मालकाला, सहा बक्षिसांच्या फंडाला आणि एक सेक्रेटरीबाईंच्या कामाला. वीस गुणिले बत्तीस, सहाशे चाळीस डॉलर! त्यात चेंडू, बूट आणि खेळ संपल्यावरची बिअर धरलेली नाही. (बिअरचा आकडा मी सौ.पासून लपवला.) या सहाशे चाळीसबद्दल कुणीही तक्रार करत नव्हतं. ते आठवड्याच्या हप्त्यानं जातात, म्हणून बोचत नाहीत. पंचवीस एकरकमी जातात, म्हणून बोचतात. बँकेत कर्जदारांचं मी हेच पाहिलेलं. व्याज निमूट भरतील आणि पन्नास रुपयांच्या स्टॅम्पवरून काउंटरवर वाद घालतील.

मग मी इतर खेळांकडे पाहिलं. आमची नात तिथं फुटबॉल खेळते, त्याला ते सॉकर म्हणतात. गावच्या मैदानावरचा साधा दोन-अडीच महिन्यांचा हंगाम, तरी नोंदणीचे शंभरावर डॉलर. गावोगाव फिरणाऱ्या संघात घातलं तर वर्षाला हजाराच्या पुढे. शेजारचा मुलगा बर्फावरचा हॉकी खेळतो, त्याच्या वडिलांनी सांगितलेला आकडा मी दोनदा विचारून घेतला, कारण तेवढ्यात आपल्याकडे चांगली दुचाकी येते. टेनिसच्या राष्ट्रीय संघटनेचं प्रौढांचं सभासदत्व तेव्हा चाळीस डॉलरच्या घरात होतं, बुद्धिबळाचंही तसंच, आणि दोन्हीकडे स्पर्धेची प्रवेश फी वेगळी. त्या मानानं बोलिंगचे पंचवीस काहीच नाहीत. शिवाय एकदा कार्ड काढलं की त्या हंगामात तुम्ही एका लीगमध्ये खेळा की तीन, राष्ट्रीय वर्गणी पुन्हा द्यावी लागत नाही. मुलांना तर याहून बरीच कमी.

आपल्याकडे पाहिलं तर बुद्धिबळाच्या मानांकन स्पर्धेला आज हजार-दोन हजारांची प्रवेश फी सर्रास असते, आणि पोराबरोबर परगावी जाणाऱ्या बापाचा लॉजचा खर्च निराळा. उलट आमच्या लहानपणी तालमीत पोराकडून फी मागायची म्हणजे वस्तादाला शिवी दिल्यासारखं झालं असतं. नारळ आणि हार दिला की झालं. पण तालीम फुकट होती असं जे म्हणतात, त्यांच्या घरात पैलवान नव्हता. आमच्या चुलत्यांच्या खुराकाला, दूध-तूप-बदामाला, घरातल्या बाकी सगळ्यांनी आपला वाटा दिला. माझी आत्या सांगायची, घरात दोन म्हशी असून आम्ही ताक प्यायलो. त्या फीची पावती कुणी फाडली नाही एवढंच.

म्हणून नुसत्या आकड्यावरून कुठली फी रास्त आणि कुठली नाही, हे मला ठरवता येत नाही. पैशाचं पुढे काय होतं, ते पाहावं लागतं.

मुलाच्या पंचवीस डॉलरचे तीन वाटे होत होते. एक देशाच्या संघटनेला, एक राज्याला, एक गावच्या संघटनेला. देशाची संघटना २००५ साली पुरुषांची, स्त्रियांची आणि मुलांची अशा जुन्या संघटना एकत्र करून झाली. त्यातली पुरुषांची सगळ्यात जुनी, १८९५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली. त्याआधी म्हणे प्रत्येक गावचा चेंडू वेगळा, पिना वेगळ्या, नियम वेगळे. आपल्याकडे गल्लीगल्लीत विटी-दांडूचे नियम बदलायचे तसंच. पट्टी, पिन, चेंडू यांची मापं ठरवणं आणि दर वर्षी पट्ट्या तपासून त्या मापात आहेत असा दाखला देणं, हे या संघटनेचं काम.

दुसरं काम सरासरीची नोंद. हौशी लीगमध्ये याला फार महत्त्व आहे, कारण तिथं कच्च्या खेळाडूला वाढीव गुण मिळतात. मुलाच्या लीगचा नियम असा, की २२० मधून तुमची सरासरी वजा करायची आणि उरतील त्याचे नव्वद टक्के तुम्हाला दर खेळाला द्यायचे. मुलाची सरासरी १४०, म्हणजे त्याला ७२ गुण मोफत. दोनशे सरासरीवाल्याला फक्त १८. त्यामुळे त्या दोन आज्याही कारखान्यातल्या तरुणाला हरवू शकतात, आणि मी त्यांना हरवताना पाहिलं आहे. पण कुणी मुद्दाम वाईट खेळून सरासरी खाली ठेवली तर? म्हणून ती नोंद संघटनेकडे असते, दुसऱ्या लीगमध्ये गेलात तरी मागची सरासरी तुमच्याबरोबर येते. मला ही व्यवस्था फार आवडली. कबड्डीत असं काही असतं तर आमच्या गावच्या संघानं एखादी ढाल तरी आणली असती.

तिसरी गोष्ट पुस्तिकेत मागच्या बाजूला होती. लीगचा पैसा चोरीला गेला किंवा ज्याच्या हाती होता त्यानंच तो लांबवला, तर त्याची भरपाई करणारं विम्यासारखं संरक्षण या नोंदणीतूनच मिळतं. पण त्याला अटी आहेत. लीगचं खातं बँकेत हवं. पैसे काढायला दोन सह्या लागतात. आणि लीगच्या अध्यक्षानं दर महिन्याला खात्यातली शिल्लक स्वतः पडताळायची.

हे वाचलं आणि मी पुस्तिका मिटून ठेवली. चहा करायला उठलो, तो करायचाही विसरलो.

१९८६ साली बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आम्ही कबड्डीच्या स्पर्धा भरवल्या होत्या. मी बँकेत लागलेला, चार इयत्ता जास्त शिकलेला, म्हणून मंडळाचा अध्यक्ष. माझा बालमित्र खजिनदार. त्याचं नाव लिहीत नाही. अठ्ठावीस संघ आले, प्रवेश फी एक्कावन्न रुपये. एकूण चौदाशे अठ्ठावीस. पहिलं बक्षीस एक हजार एक, दुसरं पाचशे एक. ढाल एका सावकारांनी दिली होती. पैसे मित्राच्या घरी पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. त्याचं घर म्हणजे माळ्यावर कडबा, पडवीत पाहुणे, येणारे-जाणारे पन्नास.

अंतिम सामना बैलहोंगलकडच्या एका संघानं जिंकला. सगळी कानडी पोरं, दोन टेम्पो करून आलेली. बक्षिसाच्या वेळी मित्र डबा घेऊन आला. उघडला तर तीनशे चाळीस रुपये. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांचा कॅप्टन पुढं आला, ढाल हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "रोक्का एल्लि?" पैसे कुठं आहेत? गावात कानडी न कळणारं कुणी नव्हतं.

पैसे कुणी घेतले ते आजतागायत कळलेलं नाही. मित्रानं घेतले नसावेत असं मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो. पण गावानं एका रात्रीत ठरवून टाकलं. सहा महिन्यांत तो बायका-पोरांसकट इचलकरंजीला यंत्रमागावर गेला. मी पगारातून साठवून दुसऱ्या वर्षी त्या संघाचे हजार एक रुपये त्यांच्या गावी नेऊन दिले, त्यांनी मला जेवू घातलं. मित्राकडे मात्र मी गेलो नाही. कारण त्या तीन आठवड्यांत, दिवसभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या मी, त्याचा तो डबा एकदाही उघडून मोजला नव्हता. तुझ्यावर विश्वास आहे, असं म्हणत राहिलो.

मुलाच्या लीगमध्ये सहा डॉलर गुणिले अठ्ठेचाळीस खेळाडू गुणिले बत्तीस आठवडे, म्हणजे नऊ हजार दोनशे सोळा डॉलर बक्षिसांसाठी जमत होते. तेव्हाच्या भावानं साडेसहा लाख रुपये. आणि ते सांभाळणारे आमच्यासारखेच हौशी.

त्यानंतर मी दर मंगळवारी जाऊ लागलो. एका संघात एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. त्यांना भारतातल्या रेल्वेबद्दल सगळं विचारायचं असे. एकदा मी त्यांना फीबद्दल छेडलं. ते म्हणाले, "माझे वडील हे पैसे द्यायला तयार होते. त्यांच्याकडून घेतलेच नाहीत."

मुलानं घरी आल्यावर संगणकावर मला सगळं शोधून दाखवलं. पुरुषांच्या त्या जुन्या संघटनेच्या घटनेत सभासद होण्याचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता. १९३९ साली याच डेट्रॉईटमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली, ती आजही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कामगारांच्या युनियननं हा प्रश्न हाती घेतला, कारण कारखान्यात एकाच पट्ट्यावर काम करणारे संध्याकाळी एका लीगमध्ये खेळू शकत नव्हते. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९५० साली ते कलम काढून टाकावं लागलं. ज्या कार्डाला रांगेतले म्हातारबुवा प्लास्टिकचा तुकडा म्हणाले, ते एका माणसाच्या बापाला मिळालं नव्हतं. हे कळल्यावर माझाही हिशेब थोडा बदलला.

पण म्हातारबुवांची बाजूही अगदी खोटी नाही. १९८० च्या सुमारास या संघटनांचे मिळून नव्वद लाखांच्या आसपास सभासद होते. आता दहा-बारा लाखांच्या घरात आहेत. बोलिंग खेळणारे कमी झाले नाहीत, लीगमध्ये खेळणारे कमी झाले. रॉबर्ट पुटनम या प्राध्यापकांनी यावरूनच आपल्या पुस्तकाला 'बोलिंग अलोन' असं नाव दिलं, ते २००० साली आलं. त्यातला आकडा असा, की १९८० ते १९९३ मध्ये बोलिंग खेळणारे दहा टक्के वाढले आणि लीगमध्ये खेळणारे चाळीस टक्के घटले. सभासद घटले तरी कचेरी, नियम, तपासणी हे सगळं राहतंच. ओझं उरलेल्यांच्या खांद्यावर येतं. आणि मंगळवारी मजेसाठी खेळणाऱ्या आजीनं आणि अजिंक्यपदाला जाणाऱ्यानं सारखीच वर्गणी का द्यावी, हा प्रश्न मला पटतो. तिला निदान समजेल अशा भाषेत एक चिठ्ठी तरी द्यावी, की बाई, तुझ्या पैशाचं हे हे होतं. सेक्रेटरीबाई त्या दिवशी हसल्या, त्यापेक्षा त्यांनी दोन वाक्यं सांगितली असती तर बरं झालं असतं.

आम्ही मार्चमध्ये परत आलो. एप्रिलमध्ये हंगाम संपताना त्यांची सभा झाली आणि तिथं ठराव आला, की पुढच्या वर्षीपासून संघटनेची नोंदणी सोडून द्यावी. तसं करता येतं, नोंदणी नसलेल्या लीगही बऱ्याच आहेत. ठराव पास झाला. त्याच सभेत जुने खजिनदार निवृत्त झाले आणि सगळ्यांनी आमच्या मुलाचं नाव घेतलं. त्यानं रात्री फोन केला. तो खुशीत होता.

मी म्हटलं, "दुसऱ्याची सही असल्याशिवाय घेऊ नकोस. आणि अध्यक्ष दर महिन्याला पासबुक बघणार का ते विचार."

"बाबा, अध्यक्ष म्हणतात, तुझ्यावर आमचा विश्वास आहे."

कबड्डीची गोष्ट मी त्याला तोवर कधी सांगितली नव्हती. त्या रात्री सांगितली. सौ. शेजारी बसून ऐकत होती. तिला निम्मीच ठाऊक होती.

मुलानं खजिनदारपण नाकारलं. नंतर दुसऱ्या दोघांना विचारलं, त्यांनीही हात झटकले. संरक्षण नसताना नऊ हजार डॉलर कोण घरी नेणार? ऑगस्टमध्ये पुन्हा सभा झाली आणि नोंदणी चालू ठेवायचं ठरलं. मग मुलगा खजिनदार झाला. रांगेतल्या म्हातारबुवांनी पुन्हा कुरकुर केली आणि पुन्हा पैसे भरले.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडनं सगळी सभागृहं बंद झाली. सव्वीस आठवडे खेळून लीग तिथंच थांबली. खात्यात सात हजार चारशे अठ्ठ्याऐंशी डॉलर होते. मुलानं मला फोनवर आकडा वाचून दाखवला, मी इकडे कागदावर गुणाकार करून पाहिला. जुळला. खेळाडूंनी आपापल्या घरून मतं कळवली, त्या दिवशी जो संघ जिथं होता त्याप्रमाणे वाटणी ठरली आणि दोन-दोन सह्यांचे अठ्ठेचाळीस चेक टपालानं गेले.

आपल्याकडेही तेव्हा टाळेबंदी होती. माणसाला घरात बसून जुनं आठवायला वेळच वेळ. मित्राच्या भाच्याकडून मी त्याचा नंबर मिळवला. चौतीस वर्षांनी बोलत होतो. तब्येती विचारून झाल्या, मुलं-नातवंडं झाली. मग मी त्याला बोलिंगचं सगळं सांगितलं, पिना, चेंडू, पंचवीस डॉलर, दोन सह्या, आणि अध्यक्षानं दर महिन्याला पैसे मोजायचे असतात हेही.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बैलहोंगलच्या पोरांचे पैसे पोचले होते काय रे?"

पोचले होते, असं मी सांगितलं. गाड्या सुरू झाल्यावर तो गावी आला आणि आमच्याकडे दोन दिवस राहिला.